आमच्या गल्लीचे पापड आणि माझा धंदा

कारखाना बंद झाला त्या दिवशी मालकांनी आम्हा सगळ्यांना चहा पाजला, बरोबर खारी ठेवली. जळगावच्या एमआयडीसीतला चटयांचा कारखाना. मी तिथे डिस्पॅचला होते. तयार चटया बांधून घ्यायच्या, गठ्ठे गाडीत लावून घ्यायचे आणि कुठल्या कुठल्या गावांना पाठवायचे, हे माझं काम. लग्नानंतर लागले होते. मुलगी शिकायला नाशिकला गेली तरी मी तिथेच. मालक म्हणाले, मशिनं गुजरातेत एकाने घेतली, मला आता होत नाही, तुम्हा सगळ्यांचं भलं होवो. आम्ही चहा प्यायलो, आपापले कप विसळून ठेवले आणि निघालो.

मी भांडखोर बाई आहे. हे माझ्या माहेरी, सासरी आणि गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, कुणाला विचारायची गरज नाही. पण त्या दिवशी भांडायचं कुणाशी? म्हातारा माणूस हात जोडून उभा, स्वतःच रडायच्या बेतात. मग मी रिक्षात बसले आणि पिंप्राळ्याला पोचेपर्यंत मीच रडले. रिक्षावाल्याने आरशातून एकदा पाहिलं आणि गाणं बंद केलं. उतरताना मी त्याला म्हटलं, "लाव रे बाबा गाणं, मेलं नाही कोणी."

पहिले काही दिवस मजेत गेले, खोटं का बोला. उशिरा उठायचं, दुपारी पंख्याखाली आडवं व्हायचं. नंतर मात्र घर खायला उठलं. माझे मिस्टर धुळ्याला एका कॉलेजात नोकरीला, तिथेच खोली घेऊन राहतात, शनिवारी येतात, सोमवारी पहाटेच्या बसने जातात. म्हणजे आठवडाभर मी आणि चार भिंती. त्यात गल्लीतली कोणीतरी विचारणारच, "आज सुट्टी का?" परवा विचारलेलं, काल विचारलेलं, तरी आज पुन्हा. मी सांगायचे, "हो, मोठी सुट्टी आहे." आत येऊन मात्र भांडी जरा जोरातच आपटायचे.

मिस्टरांचं मात्र निराळंच चाललं होतं. माझी नोकरी गेली आणि त्यांच्या डोक्यात धंद्यांचं पीक आलं. दर शनिवारी बॅगेतून धुवायचे कपडे निघायचे आणि तोंडातून नवा धंदा. एका शनिवारी केळीच्या वेफर्सची भट्टी. पुढच्या शनिवारी साड्या, "घरातच ठेवायच्या गं, बायका येतातच." मग झेरॉक्स मशीन. मग म्हणे शेवभाजीचा मसाला, आपल्या नावाने. मी म्हणायचे, "धुळ्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय तुमचं? वेफर्स तळायला मी उभी राहायची ना?" ते हसायचे. त्यांचं एक बरं आहे, त्यांना राग येत नाही; दोघांच्या वाटचा मीच करून टाकते.

पण एक खरं सांगते. त्या सगळ्या थट्टेत मला आतून वाटत होतं की व्हावं काहीतरी. आपलं स्वतःचं. ज्याची मशिनं दुसरा कोणी उठून गुजरातला विकू शकणार नाही असं काहीतरी. मिस्टरांना हे मी सांगितलं नाही, नाहीतर ते त्याच दिवशी पाटी रंगवून घेऊन आले असते.

होळीच्या सुमारास आमच्या कारखान्यातल्या जुन्या साहेबांचा फोन आला. ते आता दुसऱ्या एका पाइपच्या कारखान्यात होते. डिस्पॅचला माणूस हवंय म्हणाले, पगार आधीपेक्षा थोडा कमी, पण जागा पक्की. "आखाजी झाली की या. तोवर थांबतो मी. पण आखाजीच्या आधी हो की नाही ते कळवा, मॅडम."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाहेरच्या लोकांना तो सोनं घेण्याचा दिवस वाटतो. आमच्या खानदेशात दिवाळीपेक्षा तिचा थाट मोठा. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आणि शेतावरच्या सालदाराचं जुनं साल संपून नवं ठरतं तेही आखाजीलाच. साहेबांनी मलाही सालदारासारखीच मुदत दिली होती. मी फोन ठेवला आणि ठरवलं, आखाजीपर्यंत धंदा उभा राहिला तर राहिला. नाही राहिला तर पुन्हा डबा, पुन्हा रिक्षा, पुन्हा दुसऱ्याची घंटा. मनात म्हटलं, बघू तरी.

आणि त्याच शनिवारी मिस्टर धुळ्याहून खरोखरची ऑर्डर घेऊन आले.

त्यांच्या कॉलेजाजवळ एक किराणा दुकानदार होता. त्याला घरगुती उडदाचे पापड हवे होते, आणि थोडेथोडके नाही, चांगले पोतंभर. मिस्टरांनी छाती फुगवून हो म्हणून टाकलं होतं. मी म्हटलं, "अहो, तुम्हाला माहीत आहे ना, मला पापड लाटता येत नाहीत?" माझा पापड कितीही फिरवला तरी त्याला कोपरे येतात. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, कोपरे काही गेले नाहीत. मिस्टर म्हणाले, "तू कशाला लाटतेस? गल्ली आहे ना!"

इथेच आमची दोघांची बुद्धी शेण खायला गेली.

आमच्याकडे उन्हाळ्यात पापड कोणी एकटं लाटत नाही. होळी झाली की गल्लीत ठरतं, आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. ज्या घरी पापड असतील तिथे सगळ्या आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जातात. घरधनीण पीठ कुटून, लाट्या तोडून तयार ठेवते. लाट्या म्हणजे पापडाच्या पिठाच्या गोळ्या. लाटता लाटता त्या तेलात बुडवून खायच्या, चहा प्यायचा, सुनांची आणि सासवांची यथेच्छ निंदा करायची आणि उन्हं उतरली की घरी जायचं. पैशांचा विषयच नाही. आज तू माझ्याकडे आलीस, उद्या मी तुझ्याकडे येणार, हा एवढाच हिशोब. न सांगता सगळ्यांना तोंडपाठ असतो. मी नोकरीवाली, म्हणून मला आजवर त्यातून सूट होती. मी वर्षाला थोडेसे पापड विकत आणून मोकळी व्हायचे.

मी गल्लीत जाऊन सांगितलं, "यंदा माझ्याकडे पापड आहेत." अगं बाई, काय आनंद झाला सगळ्यांना! नोकरी गेल्यावर ही बाई आपल्यात आली, असं त्यांना वाटलं असणार. सकाळपासून माझं अंगण भरलं. समोरची आली, कोपऱ्यावरची आली, मागच्या गल्लीतल्यासुद्धा दोघी आल्या. आणि सगळ्यांच्या मधोमध अक्का. अक्का आमच्या गल्लीतली सगळ्यात थोरली. धुळ्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन पिंप्राळ्यात आली त्याला एक जन्म झाला, पण बोली तिची तीच, अहिराणी. तिने लाटलेला पापड उजेडात धरला तर पलीकडचं माणूस ओळखू येईल. तिने माझ्या पोळपाटावरचा पापड पाहिला आणि माझं लाटणं काढून घेतलं. "तुले लाटनं येस नही, माय. तू चहा कर." सगळ्या खो खो हसल्या, मीही हसले.

लाट्या संपतच नव्हत्या. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. गप्पा रंगल्या होत्या, हात चालत होते. दुपार कलली तशी एकेक जण इकडेतिकडे पाहायला लागली. दोरीवरच्या साड्या काढून गच्चीवर अंथरल्या होत्या, त्या भरल्या. शेजारणीची गच्ची घेतली, ती भरली. दोन माणसांच्या घरात इतके पापड? तेवढ्यात अक्का पाणी प्यायला आत गेली आणि तिला ओट्याशेजारी ठेवलेला वजनकाटा आणि छापील पिशव्यांचा गठ्ठा दिसला. मिस्टरांची हौस. पिशव्यांवर केळीच्या पानाचं चित्र आणि खाली 'घरगुती'.

अक्का बाहेर आली. "हया इतला पापड कोना करता शेतस?"

मी सांगितलं. धुळ्याच्या दुकानाची ऑर्डर आहे, मी धंदा सुरू करतेय. आणि कुणी काही बोलायच्या आत, आपण फार व्यवहारी असल्यासारखी, आतून पाकिटं आणून अंगणातल्या ओट्यावर मांडली. प्रत्येकीसाठी एक, दिवसाच्या रोजाचं. मला वाटलं होतं, खूश होतील. कौतुक करतील, मी फुकट राबवून घेत नाही म्हणून.

लाटण्यांचा आवाज थांबला. समोरची तर माझी मैत्रीण, तिने पाकिटाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. अक्का म्हणाली, "आम्ही रोजाले उनूत का?"

आम्ही काय मजुरीला आलो होतो का? एवढंच. आवाजही चढवला नाही. तिने चढवला असता तर मला बरं वाटलं असतं, मला त्याची सवय आहे. राहिलेल्या लाट्या त्यांनी संपवल्या, कारण काम अर्धं टाकून उठायचं नाही हीही रीत आहे. मग पोळपाटं उचलली आणि गेल्या. पाकिटं जिथल्या तिथे, ओट्यावर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मिस्टरांना फोन केला आणि सगळा राग त्यांच्यावर काढला. ते शांतपणे म्हणाले, "मग आता काय?" मी म्हटलं, "आता काय म्हणजे? त्यांनी पैसे घेतले नाहीत. म्हणजे त्या रीतीने आल्या. म्हणजे आता मला प्रत्येकीकडे लाटायला जावं लागणार!" पलीकडून हसण्याचा आवाज. मी फोन कट केला.

पापड धुळ्याला पोचले. दुकानदार खूश झाला, पुढच्या महिन्यात आणखी पाठवा म्हणाला. कुणाच्या जिवावर पाठवू? गल्लीच्या जिवावर पाठवणं आता शक्यच नव्हतं, आणि माझ्या हातचे कोपऱ्यांचे पापड त्याने कुत्र्यालाही घातले नसते. माझा पापडाचा धंदा पहिल्याच ऑर्डरीला आटोपला. मिस्टर त्या शनिवारी आले ते कुठलाही नवा धंदा न घेता. जेवताना म्हणाले, "साहेबांना हो म्हणून टाक. नोकरीच बरी." ते म्हणत होते ते बरोबर होतं, म्हणून तर मला जास्त राग आला.

पण साहेबांना मी लगेच फोन केला नाही. आधी देणं फेडायचं होतं. सोमवारी सकाळी पोळपाट-लाटणं काखेत मारून मी कोपऱ्यावरच्या घरी गेले. दारात जरा घाबरतच उभी राहिले. आतून आवाज आला, "या, कारखानदार!" आणि सगळ्या हसल्या. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. थट्टा करताहेत म्हणजे घरात घेतलं.

मग काय, उन्हाळाभर मी गल्लीत फिरत राहिले. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. इतकी वर्षं एकाच गल्लीत राहून मला कुणाच्या घरात देवघर कुठे हेसुद्धा माहीत नव्हतं. सकाळी जायचं, रात्री उशिरा यायचं, रविवारी कपडे धुवायचे, यात कोण कोणाला भेटतं? आता कळलं, कुणाची सून रुसून बसलीय, कुणाच्या पोराला बंगलोरला नोकरी लागलीय, कुणाची लेक सुरतेला आहे. जवळजवळ प्रत्येक घरातलं एक तरी माणूस बाहेरगावी. पुणे, नाशिक, सुरत, मुंबई. गल्लीतले निम्मे पापड गल्लीत खाल्लेच जात नव्हते. डब्यात भरून ट्रॅव्हल्सच्या गाडीने पोरांना जात होते.

पहिल्या दोन-चार घरी माझे कोपरे पाहिल्यावर लाटायला मला कुणी बसू देईना. "तू वाळत घाल." "तू उलटे कर." शेवटी मला पापड मोजून चळती लावायला ठेवलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. सावलीत बसून चळती लावायच्या आणि ऐकायचं. कारखान्यात कधी इतकी सुखात बसले नव्हते.

एके दिवशी समोरच्या मैत्रिणीकडे गेले. तिचा मुलगा पुण्यात. पापड, बिबडे, कुरडया असं सगळं त्याला पाठवायचं म्हणून तिने खोकं काढलं. बिबडे म्हणजे ज्वारीचे मोठाले पापड, ताटाएवढे, आणि नाजूक असे की नुसतं रागाने बघितलं तरी तडा जाईल. तिने ते खोक्यात उभे कोंबले, वर कुरडया ओतल्या, कडेला लोणच्याची बरणी खुपसली आणि वरून चिकटपट्टी मारायला लागली.

"अगं, काय करतेस?" मी ओरडलेच.

ती दचकली. म्हणाली, "दरवर्षी असंच पाठवते. चुरा होतो थोडा. तो भाजीत टाकून खातो बिचारा."

"चुरा होतो थोडा? दे इकडे!"

मी खोकं तिच्या हातातून ओढूनच घेतलं. अंगात आल्यासारखं झालं मला. माझं माहेर रावेरचं, केळीचं घर. घड गाडीत लावताना आबा, म्हणजे माझे वडील, ओरडायचे, "हललं की काळं पडलं!" लहानपणापासून ते कानात. पुढे कारखान्यातही तेच केलं. माल जड असो की नाजूक, गाडीत हलला नाही पाहिजे. मी सगळं बाहेर काढलं. बिबडे आडवे, एकावर एक, मध्ये कागद. चळती फडक्यात आवळून बांधल्या. बरणी वेगळ्या डब्यात घातली. आणि जिथे जिथे पोकळी राहिली तिथे काय भरावं? कागदाचे बोळे दबतात. तिच्या स्वयंपाकघरात मुरमुऱ्यांची पिशवी दिसली. मी ती उचलली आणि खोक्यात मुरमुरे ओतले, हलवलं, पुन्हा ओतले. गच्च झालं. खोकं कानाशी धरून हलवून पाहिलं, हूं नाही की चूं नाही.

मैत्रीण म्हणाली, "मुरमुरे वाया जातील ना."

"वाया कसे जातील? पोरगा चिवडा करून खाईल."

दोन दिवसांनी मुलाचा फोन आला. बिबड्याला तडासुद्धा नाही. आणि मुरमुऱ्यांची त्याने खोलीतल्या मित्रांबरोबर भेळ केली. मैत्रीण ही बातमी घेऊन ज्या वेगाने गल्लीत धावली, तो वेग मी तिच्यात आधी कधी पाहिला नव्हता.

त्यानंतर माझ्या दाराशी खोकी यायला लागली. कोपऱ्यावरचीचं नाशिकचं. मागच्या गल्लीतलीचं मुंबईचं. मग मागच्या गल्लीतलीच्या बहिणीचं, ती तर पहूरला राहायची, तिथून खोकं घेऊन बसने आली. बरणी, वांगी, भाकरीसाठी ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, एकीची तर मातीची कुंडी. मी सकाळी बसायचे ती दुपारपर्यंत बांधत राहायचे. कारखान्यातल्या ओळखीने सुतळी आणि जाड पुठ्ठे मिळवले. कुठली गाडी माल नीट उतरवते आणि कुठला क्लीनर फेकतो हे मला आधीपासून ठाऊक; त्यांना फोन करून दमात घ्यायचे. मी खूश होते. रात्री पाठ दुखायची आणि तरी खूश.

मिस्टरांनी शनिवारी घरात पाय ठेवायला जागा शोधली आणि म्हणाले, "हा झाला ना धंदा!"

"कशाचा धंदा? सगळं फुकट."

"मग सांग ना पैसे."

मी, जी भाजीवाल्यापासून बँकेच्या साहेबांपर्यंत कुणालाही सोडत नाही, तिची जीभ रेटेना. ज्या बायकांनी माझी पाकिटं ओट्यावर ठेवून दिली, त्यांना मी आता बांधायचे पैसे मागू? पुन्हा ती मान खाली घातलेली मैत्रीण मला बघवणार नव्हती. आणि पैसे न घेता किती दिवस बांधणार? सुतळी काही झाडाला लागत नाही. आखाजी तोंडावर आली होती. साहेबांचा निरोप आला, "मॅडम, सोमवारपासून धरू ना?" मी कळवते म्हटलं. मनात मात्र हो म्हणून झालं होतं. दोन छान वाक्यं तयार केली, साहेबांना कसं सांगायचं त्याची. एकीकडे वाईट वाटत होतं, दुसरीकडे वाटत होतं, बरं झालं, निदान उन्हाळा तरी गोड गेला. सोमवारच्या डब्याला कोणती भाजी, हेही मनात येऊन गेलं.

आखाजीच्या दोन दिवस आधी अक्काने बोलावणं धाडलं. खोकं बांधायला.

मी गेले तर तिच्या ओट्यावर निम्मी गल्ली बसलेली. अक्काची धाकटी लेक सुरतेला. दर आखाजीला येते, या वर्षी तिच्या सासूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून येणार नव्हती. पण ओट्यावर तिने माहेर मांडून ठेवलं होतं. पापड, बिबडे, शेवया, साडी, आणि एका रुमालात हिरव्या काचेच्या बांगड्या.

बांगड्या पाहून मी हातातली सुतळी खाली ठेवली. आखाजीला लेकीला बांगड्या भरायच्या असतात. त्या प्रवासात काही झालं तर ते तोंडाने म्हणायचंही नाही आपल्यात. आणि अक्का, जी स्वतःच्या सुनेलाही पापडाच्या डब्याला हात लावू देत नाही, ती ते सगळं माझ्याकडे सरकवत होती.

"आठे बस," ती म्हणाली. इथे बस. मी बसले आणि कामाला लागले. बांगड्या रुमालासकट साडीच्या मऊ घडीत गुंडाळल्या, त्याभोवती शेवया. अक्का बघत होती. मग तिने कमरेची पिशवी काढली आणि नोटा माझ्यापुढे धरल्या.

"अक्का! तुमच्याकडून पैसे?"

"ले."

"नाही घेणार मी. तुम्ही नाही घेतलेत माझे."

अक्का सगळ्यांकडे बघून मोठ्याने म्हणाली, "ऐका व. हाई फुकट करी ते आपले परत हिना घर लाटाले जानं पडी. आनि मंग हाई आपला घर लाटाले येई! हिना हातना पापड माले पुन्हा नको, माय!"

ओट्यावर असा हशा उसळला की समोरच्या घरातला म्हातारा बाहेर येऊन बघायला लागला. हिने फुकट बांधलं तर आपल्याला हिच्याकडे लाटायला जावं लागेल, आणि मग ही आपल्याकडे येणार! कोपऱ्यावरची म्हणाली, "खरंच गं बाई, माझ्या डब्यात अजून कोपऱ्यांचे निघतात!" मैत्रीण डोळे पुसत म्हणाली, "मीही देते, मागच्या खोक्याचे पण घे, फक्त लाटायला येऊ नको." मी रागवायचा प्रयत्न केला. पण मलाच इतकं हसू येत होतं की नोटा हातात कधी आल्या कळलं नाही.

मजुरी त्यांना नको होती. पण माझ्या उपकारात राहायचं, तेही त्यांना नको होतं. जिची बोलणी खाऊन मी उन्हाळाभर दारोदार लाटणं घेऊन फिरले, त्याच अक्काने सगळ्यांच्या देखत मला त्यातून मोकळं केलं होतं. आणि हसता हसता केलं होतं, म्हणजे मला मान खाली घालावी लागू नये.

खोक्यात मुरमुरे ओतत होते तेवढ्यात फोन वाजला. एक हात खोक्यात बांगड्यांशी, दुसऱ्या हातात सुतळी. मैत्रिणीने फोन माझ्या कानाशी धरला.

"मॅडम, मग सोमवारपासून नक्की ना?"

तयार करून ठेवलेली दोन छान वाक्यं कुठे गेली कुणास ठाऊक. मी म्हटलं, "नाही सर, नाही जमणार."

"का हो? दुसरीकडे लागलात का कामाला?"

"हो," मी म्हणाले. म्हणाले आणि मग मलाच ते ऐकू आलं.

मैत्रिणीने फोन खाली घेतला. अक्काने विचारलं, "कोन व्हतं?"

"नोकरी होती, अक्का. सोमवारी ये म्हणत होते."

"मंग?"

"नाही म्हटलं. आत्ता उठले असते तर तुमचे पापड फुटले असते."

अक्काने माझ्याकडे नीट पाहिलं. मग पुढे वाकून तिने स्वतःच्या बोटाने सुतळीची गाठ दाबून धरली, मला आवळता यावी म्हणून.

"घट बांध," ती म्हणाली. "लांब जानं शे."